मुरण्याची किंमत



गेल्या पंधरवड्यात या सदराकडे एका तरुण जोडप्याचे पत्र आले. गाव आणि नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून छापत नाही. त्यांची दोन एकर थॉम्सनची बाग आहे. बाग जुनी झाली, ती काढून नवी लावायची आहे. एवढ्यात एका वाइन कारखान्याचा माणूस बांधावर येऊन गेला. 'वाइनची द्राक्षे लावा. बुडवणी नाही, विरळणी नाही, मजूर कमी, आणि माल आमचा आम्ही उचलू,' असे सांगून गेला. नवऱ्याचे मन झाले आहे. पत्र त्याच्याच अक्षरात आहे. पण शेवटी वेगळ्या शाईने दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या घरच्या कारभारणीच्या. ती विचारते, 'साहेब, वाइन जितकी जुनी तितकी महाग असे म्हणतात. मग माल पडून राहिला तरी आपला तोटा होत नाही, हे खरे का?'

नवऱ्याच्या चार पानांपेक्षा या दोन ओळी मला मोलाच्या वाटल्या. याचे उत्तर मी दोन जागी शिकलो. एक जागा आमच्या सांगली जिल्ह्यातली, दुसरी स्पेन देशातली. दोन्ही सांगतो.

आधी घरची गोष्ट. २००१ साली आपल्या राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. वाइन कारखान्यांना उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क उभे राहिले. मी तेव्हा तिशीत होतो, अंगात उमेद होती. मोटारसायकलवरून गावोगाव जाऊन देवळाच्या ओसरीवर बैठका घेत असे. 'खायच्या द्राक्षाला पावसाची भीती, गारांची भीती, पैसे बुडवून जाणाऱ्या व्यापाऱ्याची भीती. वाइनच्या द्राक्षाला करार असतो. करार झाला की बाजाराची चिंता मिटली,' हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याची गणती नाही.

माझे हे वाक्य ऐकून ज्यांनी बाग लावली त्यांत एक बागायतदार होते. त्यांना आपण तात्या म्हणू. २००६ साली त्यांनी दीड एकरावर शिराझ ही काळी जात लावली. पहिले दोन हंगाम माल गेला, पैसेही आले. मग दिवस फिरले. २००८ साली जगभर मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पाहुणे-प्रवासी आटले, हॉटेले ओस पडली. कारखान्यांच्या टाक्यांत वाइन साठून राहिली. २०१० च्या हंगामात तात्यांना निरोप आला, 'यंदा माल उचलता येणार नाही.' हातात कराराचा कागद होता, पण माल न उचलल्यास काय, हे त्या कागदावर कुठेच नव्हते.

शिराझचा मणी बारीक, साल जाड, पोटात बिया. बाजार समितीत कोणी बोली बोलेना. बियांमुळे बेदाणाही करता येईना. निम्मे घड पाखरांनी खाल्ले, उरलेले उकिरड्यात गेले. २०११ साली तात्यांनी बाग काढली. मी भेटायला गेलो तेव्हा मला तोंड वर करवेना. तात्या म्हणाले, "सायेब, तुमची एकट्याची चूक न्हाई. पर द्राक्षाला थांबता येत न्हाई, हे आपण दोघंबी इसरलो."

हे वाक्य पुढे बारा वर्षे माझ्यापाशी राहिले.

आता दुसरी गोष्ट. २०२३ च्या ऑक्टोबरात आमच्या भागातल्या वीस बागायतदारांनी स्वखर्चाने स्पेनचा अभ्यासदौरा काढला. 'साहेब, तुम्हीही चला' असा आग्रह झाला. रजा टाकली, पदरचे पैसे भरले आणि गेलो. तात्यांचा मुलगाही बरोबर होता. आमचे घर माळकऱ्यांचे. निघताना आईने बजावले, "बघून ये, पर पिऊन येऊ नगं." मी मान डोलावली. ती कशी पाळली ते पुढे येईलच.

स्पेनच्या उत्तरेला एब्रो नावाची मोठी नदी आहे. तिच्या खोऱ्यात रिओहा हा द्राक्षांचा मुलूख आहे आणि त्यात आरो हे लहानसे गाव. या गावाचे भाग्य रेल्वेने आणि एका किडीने उघडले. १८६३ साली येथे रेल्वे आली. त्याच सुमारास शेजारच्या फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा ही द्राक्षाच्या मुळावरची बारीक कीड शिरली आणि तिने तिथल्या बागाच्या बागा बसवल्या. फ्रान्सचे व्यापारी वाइन शोधत येथे आले. आरोच्या स्टेशनाजवळ एकामागून एक कोठारे उभी राहिली. त्यांतलेच एक आम्हाला पाहायचे होते. राफाएल लोपेस दे एरेदिया या गृहस्थांनी ते १८७७ साली सुरू केले. आज त्यांची चौथी पिढी कारभार पाहते. मारिया होसे आणि मर्सेदेस या बहिणी आणि त्यांचे बंधू हुलिओ सेसार मिळून घर चालवतात. कारखान्याला भागीदार कंपनी नाही. मालक घरचे, आणि द्राक्षेही सगळी स्वतःच्या बागांतली.

प्रथम बाग पाहिली. एब्रो नदीच्या वळणावर तोंदोनिया नावाचा शंभरेक हेक्टरांचा मळा आहे. जमीन चुनखडीची, दगडगोट्यांची. आपल्याकडचा कोणी पाहील तर म्हणेल, येथे काय पिकणार? सालाचा पाऊस ४५० ते ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांएवढाच. मांडव नाही, तारा नाहीत. कमरेएवढी झुडपे, वर तीन-चार हात फुटलेले, जणू पंजा उघडून ठेवला आहे. हा मळा १९१३-१४ च्या सुमारास लावलेला. तोवर ती फिलॉक्सेरा कीड रिओहातही येऊन पोचली होती, म्हणून लागवड अमेरिकन खुंटावर कलमे बांधूनच झाली. आपण डॉगरिज खुंट वापरतो तो खारवट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी. त्यांनी खुंट घेतला तो किडीपायी. पण खुंटाचा धडा दोघांनीही संकटातूनच घेतला.

आमच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, 'एकरी उतारा किती?' उत्तर ऐकून सगळे गप्प झाले. रिओहाच्या नियामक मंडळाचा नियमच आहे की तांबड्या द्राक्षांचे पीक हेक्टरी ६,५०० किलोच्या वर घ्यायचे नाही. म्हणजे एकरी साधारण २,६०० किलो. आपण खाण्याच्या द्राक्षांचे एकरी दहा-बारा टन काढतो. एक जण हळूच म्हणाला, "एवढ्याला आपल्याकडं बँक दारात उभी करणार न्हाई." पण त्यामागे हिशेब आहे. वेलीवर ओझे कमी, तर प्रत्येक मण्यात साखर, रंग आणि तुरटपणा जास्त. ज्या मालाला दहा वर्षे टिकायचे आहे त्याची शिदोरी वेलीवरच बांधावी लागते.

आणखी एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण पत्र लिहिणाऱ्या जोडप्याला तो उपयोगी आहे. तिथे हिवाळ्यात वेल पानगळ होऊन निजते. छाटणी वर्षातून एकदाच. फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते, तेव्हा रात्री गार झालेल्या असतात. त्यामुळे मण्यातला आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडे वेल निजतच नाही. आपण एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करतो, आणि माल येतो फेब्रुवारी-मार्चात, ऊन चढू लागते तेव्हा. उन्हाबरोबर आंबटपणा भराभरा उतरतो. लोणच्याला जसे मीठ, तसा वाइनला आंबटपणा. तो कमी असेल तर माल मुरण्याआधी बिघडतो. म्हणून कोणी सांगेल की तुमच्या द्राक्षाची वाइन वीस वर्षे राहील, तर तोलून-मापूनच विश्वास ठेवा. जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांतच प्यायची असते. मुरणारी थोडीच.

नंतर कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे चकचकीत पोलादी टाक्या, अशी आमची कल्पना. येथे तर ओक लाकडाचे पुरुषभर उंचीहून मोठे हौद. त्यांतच द्राक्षाचा रस आंबतो. अंगणाच्या एका बाजूला सुतारशाळा आहे. अमेरिकेहून ओक लाकूड आणतात, ते वाळवतात आणि घरचेच सुतार त्याची पिंपे बनवतात. फळ्या गोल मांडून, आत विस्तव करून त्यांना बाक देतात आणि वरून लोखंडी कडी ठोकून बसवतात. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात ती आठवण झाली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराचे वडील गाडीसुतार. तो तिथून हलेना. एक पिंप २२५ लिटरचे, म्हणजे तीनशे बाटल्यांचे. अशी हजारो पिंपे या घरात आहेत. जुने पिंप टाकून देत नाहीत, फळी बदलून परत वापरतात. त्यांना वाइनला नव्या लाकडाचा वास द्यायचा नसतोच. पिंप हवे ते श्वासासाठी. लाकडाच्या छिद्रांतून कणाकणाने हवा आत जाते आणि त्या हवेने वाइनचा तुरटपणा हळूहळू मऊ होतो. हवा एकदम लागली तर वाइन आंबून जाते. थोडी थोडी लागली तर मुरते.

मग तळघरात उतरलो. वरती ऊन होते, खाली अंगावर शहारा आला. खडकात खोदलेले लांब बोगदे, वर्षभर बारा-तेरा अंशांचा गारवा, दमट हवा. भिंतींवर काळी बुरशी लोंबते आहे, कोनाड्यांत कोळ्यांची जाळी. आपल्या घरी अशी जाळी दिसली तर सासूबाई सुनेला बोलतील. येथे ती मुद्दाम ठेवली आहेत, कारण बुचे पोखरणारे पतंग कोळी खातात. मला एकदम सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवली. जमिनीत खोल खोदलेली, हळद वर्षानुवर्षे जशीच्या तशी ठेवणारी पेवे. २००५ च्या महापुराने त्यांतली कितीतरी बुजली. जमिनीच्या पोटात माल राखण्याची विद्या आपल्यालाही होती, हे सांगताना मला अभिमानही वाटला आणि वाईटही वाटले.

दर सहा महिन्यांनी एका पिंपातली वाइन दुसऱ्या पिंपात ओततात आणि तळाचा गाळ काढतात. बाटलीत भरण्याआधी अंड्याच्या पांढऱ्या बलकाने ती नितळ करतात. बलक तुरट कणांना धरून खाली बसतो. गुऱ्हाळावर काम केलेल्यांना हे चटकन कळेल. काहिलीत रस उकळताना आपण भेंडीचे पाणी टाकून मळी वर आणतो, तोच प्रकार. फरक एवढाच की आपली मळी वर येते, त्यांचा गाळ खाली जातो.

रिओहाचा कायदा असा आहे की 'क्रियान्सा' म्हणवायची तर वाइन किमान दोन वर्षांची हवी, त्यांतले एक वर्ष पिंपात. 'रेसेर्वा' तीन वर्षांची. 'ग्रान रेसेर्वा' पाच वर्षांची, त्यांत किमान दोन वर्षे पिंपात. हे घर कायद्याच्या कितीतरी पुढे जाते. त्यांची तोंदोनिया रेसेर्वा सहा वर्षे पिंपात राहते, मग आणखी काही वर्षे बाटलीत. ग्रान रेसेर्वा सुमारे दहा वर्षे पिंपात, आणि पुढे बाटलीत मालकाच्या मर्जीपर्यंत.

शेवटी चाखण्याच्या खोलीत आलो. ही खोली २००६ साली झाली, बगदादमध्ये जन्मलेल्या झाहा हदीद या जगप्रसिद्ध वास्तुकार बाईंनी बांधलेली. बाहेरून वाइनच्या सुरईसारखी दिसते. आत मात्र १९१० साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेले जुने लाकडी दुकान तसेच उभे आहे. ते अडगळीत सापडले, म्हणून त्याच्याभोवती नवी इमारत बांधली. या घराचा स्वभाव यावरून ओळखावा.

माहिती सांगणाऱ्या मुलीने प्रत्येकापुढे पेले मांडले आणि मधोमध एक भांडे ठेवले. ते थुंकण्यासाठी. जाणकार लोक वाइन तोंडात फिरवून चव घेतात आणि थुंकतात, गिळत नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. आईला दिलेला शब्द त्याच भांड्याने राखला. आमच्यातल्या काहींनी मात्र भांड्याकडे पाहिलेही नाही. ते मी येथे लिहिणार नाही असे मी त्यांना कबूल केले होते.

पहिली होती कुबिल्यो, पिंपात तीन वर्षे राहिलेली. रंग लाल, वास पिकल्या करवंदाचा. तोंडात घेतल्यावर जीभ आवळा खाल्ल्यासारखी ओढली गेली. दुसरी २०११ च्या पिकाची तोंदोनिया रेसेर्वा. तिचा रंग कडेला विटकरी झालेला, वासात सुके अंजीर आणि जुने कातडे. तुरटपणा होता, पण टोचत नव्हता. नवे लोणचे आणि वर्ष झालेले लोणचे यांत जो फरक, तोच.

तिसरी बाटली आम्ही वर्गणी काढून उघडायला लावली. ग्रान रेसेर्वा. मुलीने बाटली फिरवून कागद दाखवला. त्यावर साल होते २००१.

मंडळी, त्या आकड्याने मी बसल्या जागी थिजलो. त्याच साली मी देवळांच्या ओसऱ्यांवर भाषणे देत फिरत होतो. ही द्राक्षे वेलीवरून उतरली तेव्हा आपल्याकडे धोरण निघाले. ती पिंपात होती तेव्हा तात्यांनी शिराझ लावली, तिला फळ आले, माल पडून राहिला आणि बाग निघाली. एवढे सगळे होऊन गेले तरी ही वाइन अजून तळघरातून बाहेरही आली नव्हती.

रंग फिका पडून विटेच्या भुकटीसारखा झालेला. जुन्या वाइनमधला रंग तुरटपणाशी जुळून गाळ होतो आणि तळाशी बसतो. म्हणून ती तिरकी न हलवता हळू ओतावी लागते. वास आजीच्या सागवानी पेटीचा, सुक्या संत्र्याच्या सालीचा, बेदाण्याचा. आणि तोंडात घेतल्यावर आश्चर्य हे, की आंबटपणा अजून जागा होता. बावीस वर्षांनंतर ती म्हातारी लागत नव्हती, समजूतदार लागत होती. मी तीही थुंकली. मुलीने माझ्याकडे पाहिले, पण काही बोलली नाही.

तेवढ्यात तात्यांच्या मुलाने विचारले. आमच्यातल्या एका पदवीधर पोराने ते इंग्रजीत करून सांगितले. प्रश्न साधा होता. "दहा-दहा वर्षं माल कोंडून ठेवला, तर तोवर ह्यांची चूल कशावर पेटली?"

मुलगी हसली नाही. तिने बोट करून आधीच्या दोन पेल्यांकडे दाखवले. लवकर विकायची ती कुबिल्यो, मधली ती रेसेर्वा, उशिरा विकायची ती ग्रान रेसेर्वा. दर साली एक जुना साठा बाहेर पडतो आणि एक नवा आत जातो. मला लगेच गोठा आठवला. एक दुभती, एक गाभण, एक कालवड. तिन्ही असल्या तर घरात दूध कधी तुटत नाही. पण एकटी कालवड बांधून दुधाची वाट पाहणाऱ्याचे काय होईल? हा गोठा भरायला त्या घराला पिढ्या लागल्या. आणि जमीन, वेल, पिंप, तळघर, बाटली हे सगळे एकाच घरचे असल्यामुळे थांबण्याचे नुकसानही त्यांचे आणि थांबण्याचा नफाही त्यांचाच.

तर आता, ताई, तुमच्या दोन ओळींचे उत्तर. वाइन जुनी होऊन महाग होते हे खरे, तेही थोड्याच वाइनबाबत. पण माल पडून राहिला तर आपला तोटा होत नाही, हे खरे नाही. मुरते ती वाइन. द्राक्ष पडून राहिले तर सडते. मुरण्याचे पैसे ज्याच्याकडे तळघर आहे आणि तोवर खायला दुसरे काही आहे, त्याला मिळतात. आपण वेलीवरचा माल विकणारे. आपल्या हातात आठ-दहा दिवस असतात, दहा वर्षे नसतात. मी २००१ साली हाच फरक सांगायला विसरलो होतो.

म्हणून लावूच नका असे मी म्हणत नाही. चांगले कारखाने आहेत, वेळेवर पैसे मिळालेले शेतकरीही आहेत. पण काही गोष्टी केल्याशिवाय बागेत खड्डा घेऊ नका. पहिली गोष्ट, करार मराठीत आणि लेखी हवा. त्यात किती किलो, किती ब्रिक्स साखर, काय दर, कोणत्या तारखेच्या आत उचल, हे सगळे आकड्यांत असावे. आणि न उचलल्यास एकरी किती भरपाई, हे कलम नसेल तर सही करू नका. लागवडीच्या वेळी काही रक्कम आगाऊ मागा. देत नसतील तर त्यांचा स्वतःचाच त्यांच्या शब्दावर विश्वास नाही असे समजा.

दुसरी गोष्ट, कारखाना स्वतः जाऊन पाहा. गेल्या दोन हंगामांची वाइन टाक्यांत किती पडून आहे ते विचारा. त्यांना माल घालणाऱ्या तीन-चार शेतकऱ्यांच्या घरी जा, आणि नवऱ्याला नव्हे, घरातल्या बाईला विचारा की पैसे कधी आले. ती तारीख विसरत नाही.

तिसरी गोष्ट, दोन एकर एकदम बदलू नका. अर्धा एकर करून पाहा. बाकीच्यावर थॉम्सनसारखी जात ठेवा, जिला तीन वाटा आहेत. ताजी विकता येते, बेदाणा करता येतो, रसालाही देता येते. शिराझला एकच वाट होती, ती बंद झाली आणि सगळेच संपले. लागवड खुंटावरच करा, म्हणजे पुढे जात बदलायची झाली तर वरून कलम बांधता येईल आणि मुळे वाया जाणार नाहीत.

चौथी गोष्ट, थांबण्याची ताकद आपल्यालाही थोडीफार कमावता येते. बेदाणा शीतगृहात ठेवता येतो, हळद राखता येते. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून कर्ज घेता येते, १८० दिवसांपर्यंत, सहा टक्के व्याजाने. आपल्या समितीत जाऊन कोणत्या मालावर किती उचल मिळते ते विचारा. सहा महिने म्हणजे दहा वर्षे नव्हेत. पण भाव पडलेल्या दिवशी विकायची वेळ टळली, तर वर्षाचे गणित बदलते.

आणि एक शेवटचे. वाइन हे शेवटी मद्यच. तिच्यात तेरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ती औषध म्हणून प्यावी असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ज्या घरात आधीच बाटलीने रडवले आहे, तिथल्या बाईने या पिकाला नको म्हटले तर तिच्याशी वाद घालायला माझ्यापाशी एकही मुद्दा नाही.

स्पेनहून परतल्यावर मी तात्यांकडे गेलो. मुलाने २००१ साल छापलेले ते बूच खिशात घालून आणले होते. ते त्यांच्या हातात दिले आणि सगळी हकिगत सांगितली. दुभती, गाभण, कालवड हेही सांगितले. तात्यांनी बूच हुंगले, बोटांनी दाबून पाहिले. "अजून मऊ हाय की," म्हणाले. मग उठून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या कागदांचा गठ्ठा खाली काढला. बेदाण्याच्या शीतगृहाच्या पावत्या होत्या. शिराझ काढलेल्या त्याच दीड एकरात आता थॉम्सन आहे, आणि सगळा माल बेदाण्याला जातो. तात्या एकदम कधीच विकत नाहीत. थोडा लगेच, थोडा दिवाळीच्या आधी, थोडा त्यानंतर.

"सायेब, हे आमचं तळघर," ते म्हणाले.

काकू आतून आल्या. त्यांनी ते बूच उचलले आणि करडईच्या तेलाच्या बाटलीला बसते का पाहिले. बसले.

असो. पत्रे येऊ द्या. पुढच्या अंकी खरड छाटणीनंतरच्या पाण्याविषयी बोलू.